मार्गदर्शन पुरे, आता भांडवलाचा हिशेब द्या

प्रति,
मुंबई, पुणे, बंगळुरू आणि दिल्ली येथून स्टार्टअपमध्ये पैसा गुंतवणाऱ्या व्हेंचर कॅपिटल फंडांचे भागीदार यांस,



तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात काही उभे करू पाहणाऱ्या महिलांसाठी गेल्या काही वर्षांत तुमच्या व्यवसायाने जे केले, त्याची यादी लहान नाही. आठ मार्चच्या आसपास परिसंवाद होतात, बूटकॅम्प भरतात, मेन्टॉर नेमले जातात, कर्तबगार महिलांच्या याद्या निघतात. शाल-श्रीफळाची जागा काचेच्या ट्रॉफीने घेतली आहे, एवढा काळ नक्कीच पुढे सरकला. या सगळ्यात एका गोष्टीचा विषय क्वचितच निघतो, आणि ती गोष्ट म्हणजे पैसा. तुमचा धंदा भांडवल पुरवण्याचा. शिकवण्या घेणारे देशात पुष्कळ आहेत. म्हणून शिकवण्यांबद्दल आभार मानून हे पत्र सरळ भांडवलाकडे येते. माझे म्हणणे एवढेच, की महिला संस्थापकांत जी उणीव आहे असे तुम्ही समजता, ती बव्हंशी तुमच्या निवडीच्या पद्धतीत आहे, आणि ती दुरुस्त करणे तुमच्या हातात आहे.

जागतिक बँक गटातल्या आयएफसी या संस्थेने २०१९ मध्ये उदयोन्मुख देशांतल्या प्रायव्हेट इक्विटी आणि व्हेंचर कॅपिटलचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा पैशातला महिलांच्या नेतृत्वाखालच्या कंपन्यांचा वाटा निघाला ७ टक्के. ज्यांना मिळाला त्यांनाही तो हात आखडून मिळाला होता: मध्यक धरला तर पुरुषाच्या कंपनीला जिथे १०० रुपये, तिथे महिलेच्या कंपनीला ६५. निर्णय घेणाऱ्या वरिष्ठ गुंतवणूकदारांत महिला ११ टक्के होत्या आणि जवळपास ७० टक्के फंडांच्या वरिष्ठ फळीत एकही महिला नव्हती. ज्या फंडांच्या वरिष्ठ फळीत समतोल होता त्यांचा परतावा १० ते २० टक्क्यांनी अधिक होता, असेही त्या अभ्यासात आढळले. या शेवटच्या आकड्यावर मी फार भार टाकणार नाही. समतोलामुळे फंड चांगले चालतात, की चांगले चालणारे फंडच समतोल ठेवतात, हे एवढ्यावरून ठरत नाही. मात्र महिलांना बरोबर घेतले की परतावा बुडतो, या भीतीला त्यात काहीच आधार सापडत नाही.

यावर तुमच्याकडून येणारे पहिले उत्तर ठरलेले आहे: महिला येतच नाहीत, तर पैसे द्यायचे कुणाला? हे उत्तर तपासून पाहू. भारतात विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या शाखांच्या पदवीधरांत मुलींचे प्रमाण सुमारे ४३ टक्के आहे. अमेरिका आणि जर्मनी याबाबतीत आपल्या मागे आहेत. नॅसकॉमच्या सांगण्यानुसार आयटी उद्योगातल्या मनुष्यबळात महिला ३६ टक्के, म्हणजे वीस लाखांच्या आसपास किंवा थोड्या अधिकच आहेत. पुण्याच्या कर्वेनगरमध्ये महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले ते १९९१ मध्ये. त्याच्या सुरुवातीच्या तुकड्यांतल्या मुली आज पन्नाशीला पोचल्या आहेत. तेव्हा संगणकाचे ज्ञान असलेल्या, उद्योगात पंधरा-वीस वर्षे काढलेल्या, टीम सांभाळलेल्या बायकांचा तुटवडा या देशात नाही. त्या तुमच्या दारापर्यंत का पोचत नाहीत, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर दाराच्या रचनेत आहे.

तुमच्याकडे अर्ज कसा येतो ते पाहा. संकेतस्थळावर ईमेलचा पत्ता असतो, पण त्यावर आलेल्या पिच डेकचे काय होते हे उमेदवारांनाही ठाऊक असते. खरा रस्ता ओळखीतून जातो. कुणी बॅचमेट, हॉस्टेलचा सोबती, जुन्या कंपनीतला सहकारी, किंवा तुम्ही आधी पैसा घातलेल्या कंपनीचा संस्थापक शब्द टाकतो आणि भेट ठरते. या ओळखींची मोठी खाण म्हणजे आयआयटी. २०१८ मध्ये आयआयटींनी मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या, त्याआधी बी.टेक.च्या वर्गात मुली जेमतेम ८-९ टक्के असत. आज तिशी-चाळिशीत असलेले संस्थापक आणि त्यांना पैसा देणारे भागीदार त्या जुन्या वर्गांतून निघालेले आहेत. ज्या वर्गात दहांतले नऊ मुलगे होते त्या वर्गाच्या ओळखीवर गाळणी बसवली, तर खाली मुलगेच पडणार. यात कुणाचा दुष्ट हेतू असायची गरज नाही. पण दहा वर्षे तेच निष्पन्न होत असेल आणि गाळणी बदलावीशी वाटत नसेल, तर हेतू चांगला होता हे सांगून भागत नाही.

याच मुद्द्यावर कुणी सरकारी आकडा पुढे करील. ऑक्टोबर २०२४ अखेर केंद्र सरकारने मान्यता दिलेले स्टार्टअप दीड लाखाच्या वर होते आणि त्यांतल्या ७३ हजारांहून अधिक स्टार्टअपमध्ये किमान एक महिला संचालक होती, म्हणजे जवळपास निम्म्यांत. आकडा सुखावणारा आहे. फक्त ‘किमान एक’ या दोन शब्दांत काय काय मावते ते आपल्याकडच्या कोणत्याही सीएला विचारावे. संचालकांची संख्या भरण्यासाठी बायकोचे किंवा आईचे नाव घालण्याची रीत स्टार्टअप हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीची आहे. त्या ७३ हजारांत खरोखर कंपनी चालवणाऱ्या कितीजणी आणि सहीपुरत्या कितीजणी, हे त्या आकड्यातून कळत नाही. पण तुम्हाला तो दोन्ही बाजूंनी वापरता येणार नाही. तो खरा मानला तर अर्जदारच नाहीत हे उत्तर कोसळते, आणि खोटा मानला तर तुमच्या अहवालांत तो मिरवण्याचा अधिकार उरत नाही.

दुसरे उत्तर गुणवत्तेचे. पैशाला स्त्री-पुरुष कळत नाही, कल्पना चांगली असेल तर पैसा मिळतोच, असे तुम्ही म्हणता. या विधानाची परीक्षा झालेली आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात तोच मजकूर पुरुषाच्या आणि स्त्रीच्या आवाजात ऐकवण्यात आला. शब्द एकच असूनही पसंती पुरुषाच्या आवाजाला अधिक मिळाली. त्याहून उद्बोधक काम डाना कान्झे आणि सहकाऱ्यांचे आहे. न्यूयॉर्कमधल्या एका प्रसिद्ध स्टार्टअप स्पर्धेत गुंतवणूकदारांनी विचारलेले प्रश्न त्यांनी तपासले. पुरुषांना विचारलेल्या प्रश्नांपैकी ६७ टक्के प्रश्न वाढीचे होते: बाजार केवढा, ग्राहक किती जोडाल, पाच वर्षांनी कुठे असाल. महिलांना विचारलेल्या प्रश्नांपैकी ६६ टक्के प्रश्न बचावाचे होते: आहेत ते ग्राहक टिकतील कसे, स्पर्धक आला तर काय, तोटा कधी थांबणार. प्रश्न बचावाचा आला की उत्तरही बचावाचेच निघते, आणि ज्यांना मुख्यतः वाढीचे प्रश्न विचारले गेले त्यांनी पुढे एकूण सुमारे सातपट भांडवल उभे केले. आता यातली नेहमी गाळली जाणारी गोष्ट: महिला गुंतवणूकदारही महिलांना बचावाचेच प्रश्न विचारत होत्या. त्यामुळे एखादी महिला भागीदार नेमली म्हणून हा दोष आपोआप जाईल असे समजू नका. तो व्यवसायाच्या सवयीचा भाग झाला आहे. अभ्यास अमेरिकेतले आहेत, आपल्याकडे तसे नसेल, असे कुणाला वाटत असेल तर त्याने आपल्याच फंडाच्या बैठकांची टिपणे काढून प्रश्न मोजावेत. काम एका दुपारचे आहे.

यानंतर येतो तो मार्गदर्शनाचा युक्तिवाद, जो मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो सद्भावनेच्या वेषात येतो. महिलांना आत्मविश्वास हवा, आर्थिक साक्षरता हवी, नेटवर्किंग शिकवायला हवे, मग पैसा येईल. हा प्रयोगही मोठ्या प्रमाणावर करून झाला आहे. गोल्डमन सॅक्सने २००८ मध्ये विकसनशील देशांतल्या दहा हजार महिला उद्योजकांना व्यवस्थापनाचे शिक्षण देण्याचा उपक्रम सुरू केला. भारतही त्यात होता. शिक्षण चांगले होते. तरी २०१४ मध्ये त्याच कंपनीला आयएफसीला बरोबर घेऊन महिलांच्या उद्योगांना बँकांमार्फत कर्ज मिळावे यासाठी वेगळी सोय उभी करावी लागली. शिकून तयार झालेल्या बाईला बँकेच्या दारात तोच नकार मिळत असेल, तर शिक्षणाचा पुढचा वर्ग काढून उपयोग नसतो. म्हसवडच्या महिलांची गोष्ट महाराष्ट्राला माहीत आहे, पण तुमच्यासाठी सांगण्यासारखी आहे. चेतना गाला-सिन्हा आणि माण तालुक्यातल्या महिलांनी सहकारी बँक काढण्यासाठी अर्ज केला तेव्हा रिझर्व्ह बँकेने तो नाकारला, कारण प्रवर्तक महिला निरक्षर होत्या, अंगठा उठवत होत्या. त्या लिहायला-वाचायला शिकल्या, मुंबईला परत गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या की कोणतीही मुद्दल सांगा, आम्ही कॅल्क्युलेटरशिवाय व्याज काढतो, तुमच्या माणसांनाही काढायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी बँक सुरू झाली. ही गोष्ट साक्षरतेचे महत्त्व पटवण्यासाठी सांगितली जाते. मला तिच्यात दुसरे दिसते: अर्ज नाकारला गेला त्या दिवशीही व्याजाचे गणित त्यांना येतच होते.

इथे तुमच्यातला एखादा अर्थशास्त्र वाचलेला भागीदार मला अडवील, आणि त्याची हरकत गंभीर आहे. श्रीलंकेत छोट्या धंद्यांना रोख अनुदाने देऊन पाहिली गेली, तेव्हा पुरुषांच्या धंद्यांचा नफा वाढला, महिलांच्या धंद्यांचा वाढला नाही. मग महिलांना भांडवल देऊन काय साधणार? याचे उत्तर २०१९ मध्ये श्रीलंका, घाना आणि भारत या तिन्ही ठिकाणची आकडेवारी पुन्हा तपासणाऱ्या संशोधकांनी दिले. बाईच्या नावाने आलेला पैसा बऱ्याचदा घरातल्या दुसऱ्या धंद्यात, म्हणजे नवऱ्याच्या दुकानात, जात होता. संपूर्ण घराचा हिशेब केला तर नफ्यातला फरक नाहीसा होत होता. बाईला पैसा वापरता येत नाही असा याचा अर्थ होत नाही. घरात आलेल्या पैशावर तिचे नियंत्रण राहत नाही, असा होतो. आपल्याकडे याचा दाखला तलाठी कार्यालयात मिळेल. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, केंद्राने तो २००५ मध्ये दिला, आणि तरीही भाऊबीजेच्या प्रेमाखातर बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याचे काम गावोगाव चालू आहे. त्यामुळे स्टार्टअपच्या आरंभी जो ‘घरचा पैसा’ तुम्ही गृहीत धरता, जमीन तारण ठेवून किंवा वडिलांच्या फ्लॅटवर काढलेला, तो मुलाकडे असतो आणि मुलीकडे नसतो. ती तुमच्यासमोर येते तेव्हा तिने स्वतःचे कमी घातलेले दिसते, आणि तुम्ही त्याचा अर्थ तिची जोखीम घेण्याची तयारी कमी असा लावता. खरे तर समभागातली गुंतवणूक हा या दुखण्यावरचा चांगला उतारा आहे. ती कंपनीच्या खात्यात जाते, तिच्यावर संचालक मंडळाची नजर असते, ती नवऱ्याच्या दुकानाकडे वळवणे सोपे नसते. म्हणजे जे काम अनुदानाला जमले नाही ते तुमचे साधन करू शकते, आणि ते साधनच तुम्ही तिच्यापासून राखून ठेवता.

महिलांचे धंदे लहान असतात, आम्हाला हवी तशी झेप त्यांत नसते, हीही एक तक्रार ऐकू येते. लहानपण हे काही अंशी आपणच वाटून दिले आहे. मुद्रा योजनेत २०१५ पासून उघडलेल्या कर्जखात्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक महिलांची आहेत, पण रकमेतला त्यांचा वाटा बराच कमी भरतो, कारण मोठ्या संख्येने ती कर्जे पन्नास हजारांच्या आतली आहेत. बाई म्हटले की छोटे कर्ज, हे समीकरण सरकारने आणि बँकांनी रुजवले, आणि झेप नसल्याचा दोष मग बाईवर आला. जिथे मोठी रक्कम मिळाली तिथे काय झाले? नायजेरियाच्या फुंके ओपेके यांनी अमेरिकेतल्या दूरसंचार कंपनीतला अनुभव घेऊन मायदेशी परतल्यावर मेनवन ही कंपनी काढली. पोर्तुगालपासून लागोस आणि अक्रापर्यंत सुमारे ७,००० किलोमीटरची समुद्राखालची केबल त्यांनी टाकली आणि २०१० मध्ये ती सुरू केली. त्यासाठी लागलेले सुमारे २४ कोटी डॉलर मुख्यतः आफ्रिकेतल्याच बँका आणि वित्तसंस्थांकडून उभे राहिले. २०२२ मध्ये इक्विनिक्सने ती कंपनी ३२ कोटी डॉलरना विकत घेतली. समुद्राच्या तळाशी केबल टाकण्याला लहान धंदा म्हणण्याची सोय नाही. आपल्याकडे किरण मजुमदार-शॉ यांनी १९७८ मध्ये बंगळुरूच्या एका गॅरेजमध्ये दहा हजार रुपयांवर बायोकॉन सुरू केली, तेव्हा बँकांना तरुण बाई आणि अनोळखी तंत्रज्ञान ही दोन्ही कारणे नकारासाठी पुरली. फाल्गुनी नायर यांनी नायका काढली ती पन्नाशीच्या उंबरठ्यावर, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबईच्या बाजारात पहिल्याच दिवशी तिचे मूल्य एक लाख कोटी रुपयांच्या पुढे गेले. पुढे हा शेअर घसरला हे खरे. त्याच महिन्यात नोंदणी झालेला पेटीएमचा शेअर तर पहिल्याच दिवशी कोसळला होता. त्यावरून पुरुष संस्थापकांना पैसा द्यावा की नाही, यावर परिसंवाद झाल्याचे ऐकिवात नाही.

लग्न, बाळंतपण आणि सासरची जबाबदारी यांच्या प्रश्नांवर मी एकच वाक्य खर्च करते: जो प्रश्न तुम्ही पुरुष संस्थापकाला विचारत नाही तो बाईला विचारू नका.

महिलांसाठी वेगळे फंड असावेत, महिलांनी महिलांना पुढे आणावे, असाही सूर आहे. वाणी कोला यांच्यासारख्या गुंतवणूकदारांनी या दिशेने काम केले आहे आणि ते स्वागतार्हच आहे. पण वेगळा लहान फंड काढला की मोठा फंड मोकळा होतो, हा धोका लक्षात घ्या. एखाद्या फंडाने पाच हजार कोटी उभे केले आणि त्यातले पंचवीस कोटी ‘महिलांसाठी’ म्हणून बाजूला काढले, तर उरलेल्या रकमेत महिलांना वाव आहे की नाही, हे कुणी विचारत नाही. महिला डबा हा उपनगरी गाडीत सोय म्हणून ठीक आहे. भांडवलाच्या बाजारात त्याचा अर्थ बाकीची गाडी पुरुषांची, असा होतो.

आता मागण्या. तुम्ही खासगी फंड आहात, तुमचा हिशेब जनतेला का द्यावा, असे म्हणाल. यासाठी की तुमच्यापैकी अनेकांच्या थैलीत जनतेचा पैसा आहे. २०१६ मध्ये केंद्राने सिडबीमार्फत दहा हजार कोटींचा फंड ऑफ फंड्स काढला, तो सेबीकडे नोंदलेल्या तुमच्यासारख्या फंडांनाच जातो, आणि २०२५च्या अर्थसंकल्पात आणखी दहा हजार कोटींची घोषणा झाली. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना सेबीच्या नियमाने कर्मचाऱ्यांतले, संचालकांतले आणि पगारातले स्त्री-पुरुष प्रमाण दरवर्षी जाहीर करावे लागते. ज्या कंपन्या तुम्ही लहानपणापासून पोसून त्या बाजारात आणता त्यांच्यावर ही सक्ती, आणि तुमच्यावर नाही. ब्रिटनमध्ये २०१९ पासून अशा माहितीची ऐच्छिक संहिता आहे. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये फंडांसाठी कायदाच केला.

म्हणून दरवर्षी चार आकडे जाहीर करा: महिला संस्थापकांचे किती प्रस्ताव आले, कितीजणींना भेट दिली, कितीजणींना पैसा दिला आणि एकूण रकमेत त्यांचा वाटा किती. महिला संस्थापक म्हणजे किती टक्के मालकी आणि कुणाच्या हाती निर्णय, याची व्याख्याही त्याच पानावर द्या, म्हणजे सहीपुरत्या संचालिका त्यात मोजल्या जाणार नाहीत. पहिल्या भेटीचे प्रश्न आधी लिहून ठेवा आणि सर्वांना तेच विचारा. ओळखीशिवाय आलेल्या प्रस्तावांसाठी दर महिन्याला ठरावीक वेळ राखा आणि प्रत्येकाला उत्तर द्या, नकाराचे असले तरी कारणासह. सादरीकरण मराठीत किंवा हिंदीत झाले तर चालेल, असे स्पष्ट लिहा; कोल्हापूर, नाशिक किंवा नांदेडच्या अभियंत्या बाईचा कोड इंग्रजीत आणि विचार मराठीत असेल तर त्याने परतावा कमी होत नाही. एकदा पैसा दिला की पुढच्या फेरीतही तिच्या कंपनीला पुरुषांच्या कंपन्यांच्या निकषांनीच तोला. आणि महिला दिनाच्या कार्यक्रमाचे अंदाजपत्रक या वर्षी तुमच्या विश्लेषकांच्या पगारात घाला, म्हणजे आलेले प्रस्ताव वाचायला माणसे पुरतील.

सिडबी आणि सेबी यांनाही याच पत्राने विनंती, की नव्या दहा हजार कोटींतला पैसा ज्या फंडांना द्यायचा, त्यांना हे चार आकडे जाहीर करण्याची अट घालावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, करारात एक कलम पुरते. पुढचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपेल. पहिले आकडे त्यानंतरच्या तिमाहीत यावेत.

कळावे,

आपली,
तंत्रज्ञान आणि अर्थकारण या विषयांवर लिहिणारी एक लेखिका